माझ्या पोरींचे अ‍ॅप्रन

आमी लोहाऱ्याजवळच्या खेड्यातले. अब्बा शिलाई करतात, अम्मी लोकांच्या रानात खुरपायला जायची. दहावीपर्यंत मी गावातल्याच शाळेत होते, आन् मला रसायनशास्त्राची गोडी लावली ती आमच्या सरांनीच, खरं हाय ते सांगते, न्हायतर मी आज एमेस्सीला कुठली आले असते. सर म्हणायचे, लई शीक आन् परत येऊन आपल्या पोरींना शिकव. ते म्या मनावर घेतलं.

एमेस्सीला लागल्यावर दर शनिवारी एसटीनं गावात यायचे. शाळेची प्रयोगशाळा कायम कुलपात, सर आता मुख्याध्यापक झालेले, त्यांनी किल्ली दिली. वस्तीवरच्या नऊ पोरी, कुणाची आई ऊसतोडीला गेलेली, कुणी घरच्या भाकरी थापून यायची, पण काय सांगू तुम्हाला, ब्युरेटमधनं थेंब थेंब सोडताना श्वास धरून बसायच्या आन् फिका गुलाबी रंग आला की एकमेकींकडं बघून हसायच्या. अब्बांनी जुन्या पांढऱ्या चादरींचे त्यांना अ‍ॅप्रन शिवले, नऊच्या नऊ.

मग शाळेची तपासणी आली. पोरींनी प्रयोग पाठ केले. त्या दिवशी मी शेअर जीपमधनं उतरून आत गेले तर आमचेच अ‍ॅप्रन घालून तालुक्याच्या इंग्रजी शाळेतली पोरं उभी. माझ्या पोरींना आदल्या दिवशीच सांगितलेलं, उद्या सुट्टी. त्यातली शबाना तेवढी आलेली, खिडकीबाहेर उभी.

म्या विचारलं, "सर, माझ्या पोरी कुठं हायत?"

सर हळूच म्हणले, "त्यांना पाहुण्यांपुढं बोलता येत न्हाय. तू तरी समजून घे."

समजून घे, म्हणले. मलाबी बोलता येत नव्हतं की, तवा ह्याच सरांनी मला फळ्यापुढं उभं केलं होतं. म्या सरळ तपासणीला आलेल्या साहेबांकडं गेले, सांगितलं, ही पोरं ह्या शाळेतली न्हायत. साहेबांनी मान हलवली, चहा घेतला आन् चांगला शेरा लिहून गेले. पुढच्या शनिवारी सरांनी किल्ली परत मागितली.

आता आमी समाजमंदिरात बसतो, हळद, चुना, लिंबू घेऊन आम्ल-आम्लारी शिकवते. आठजणी येतात. शबाना येत न्हाय, म्हणते, आपा, शिकून तरी आपल्याला कोण पुढं उभं करतंय.

सर कार्यक्रमात अजून सांगतात, ही माझी विद्यार्थिनी. खोटं न्हाय ते, आन् तेच सलतं. अल्ला त्यांना चांगलं ठेवो. पण रस्त्यात दिसले तर मी आता थांबत न्हाय.