तीनशे चौऱ्याऐंशी सूत

काटा खाली ठेव, ज्योतिबा. न्हाई, आत आणू नगंस, तिथंच भायेर ठेव — आन बस. बस की गड्या, भंगार कुठं पळून जातंय व्हय? सकाळी फोन केला आन दुपारच्या आत टेम्पो घेऊन हजर, एवढा वेळेवर तू सवताच्या लग्नाला तरी गेलातास का? त्या स्टुलावर बस. तर ह्येच त्ये. लोखंड म्हणू नगंस ह्येला. व्हय, लोखंडच हाय, पर किलोवर घालायचं लोखंड न्हाई. सीएनसी राउटर म्हणत्यात. वर ती मोटर, तिच्या तोंडात बारीक बिट, आन कम्प्युटर सांगंल तिकडं ती जाती — उजवीकडं, डावीकडं, वर, खाली — आन फळीवर नक्षी उठती. कुणी केलं? मी केलं. चाळीस वर्सं ह्या माधवनगरात रंधा मारणाऱ्या हुसेन मिस्त्रीनं, सातवी नापास माणसानं, हितं, ह्या पत्र्याखाली.

हसतोस? हस. समदी हसली. आमची झुबेदा म्हणली, साठीत लोकं हजला जायची तयारी करत्यात, तुमी मोटारी जोडत बसा. म्हणू दे. बायको म्हणणार न्हाई तर कोण म्हणणार? हा सांगाडा वळखलास का? तुज्याच दुकानातला हाय, बंद पडलेल्या मागाचं अँगल, दोन वर्सांमागं मीच निवडून नेलंतं, तवा तू इचारलंतंस, मिस्त्री, कापडाचा कारखाना काढताय का म्हणून. त्यावर ह्या सरकायच्या दांड्या, ह्या स्क्रूवानी आटे पाडलेल्या दांड्या, मोटारी पुण्यास्नं कुरिअरनं आल्या. मोबाईलवर बघून बघून शिकलो. सांगणारा इंग्रजीत बोलायचा, मी नुसतं त्येचं हात बघायचो — हात काय करत्यात त्ये मला कळतं रं, तोंड काय का बोलंना. पयल्यांदा चालू केलं तर डावीकडं जा म्हणलं की उजवीकडं जायचं आन खांबाला धडकायचं. तीन बिटं मोडली. एक फळी जळाली. आन मग एका दुपारी फूल उठलं, आठ पाकळ्यांचं, रुपयाएवढं, आन मी हितंच भुश्यात बसून रडलो. कुणाला सांगू नगंस. न्हाईतर सांग, काय बिघडतंय. धंद्यासाठी केलंच नव्हतं मी ह्ये. हौस. मिस्त्रीला हौस नसावी आसा काय कायदा हाय का? मशिदीला कुराण ठेवायची रेहाल दिली, तुज्या नातवाला बैलगाडी दिली — घेतलीस का न्हाईस गप? तवा न्हाई म्हणलास किलोला किती.

काय म्हणलास? फोनवर मीच म्हणलो मशीन चुकतंय म्हणून? म्हणलो आसंन. म्हणलो. सकाळी माजं डोकं ठिकाणावर नव्हतं. ह्ये मशीन चुकत न्हाई, ज्योतिबा. तू शंभर बार सांग, शंभर बार त्येच करील, केसाचा फरक पडायचा न्हाई. चुकली ती पोरगी. सुमैरा. आमची धाकटी, विट्याला दिलेली — गेल्या ईदला आठ दिस आलीती माहेरी. कम्प्युटर तीच बघायची, लग्नाच्या आधीपासनं. मी माप सांगायचं, तिनं आत घालायचं. तिनंच घातला आकडा. मग चुकली कोण?

आसं बघू नगंस माज्याकडं. सांगतो. सूत म्हायती हाय न्हवं तुला? आठ सुताचा इंच. बापानं मला सुतात शिकवलं, मी सुतात इचार करतो, सपान पडलं तरी सुतात पडतं. आन ह्ये मशीन सूत वळखत न्हाई, त्येला एमएम लागतो. तर पोरीनं इचारलं, अब्बा, एक सूत म्हंजे किती एमएम? मी म्हणलो, तीन. कुणालाबी इचार — हितनं कुपवाडपर्यंत कुठल्याबी मिस्त्रीला, फॅब्रिकेशनवाल्याला इचार, सूत म्हंजे तीन एमएम. ती म्हणली, अब्बा, शाळेत इंचाला पंचवीस पॉइंट चार शिकवलंय, आन आठ त्रिक चोवीसच हुत्यात, मग राहिलेलं कुठं गेलं? मी काय म्हणलो म्हायती हाय? म्हणलो, शाळेत रंधा मारत न्हाईत. घाल गुमान तीन.

लहान कामात काय कळतंय? रेहाल केसभर बारकी झाली तर कोण बघाय जातंय? पर व्याह्यानं विट्यात बंगला बांधला. अजमलभाई, त्यो गलाईवाला — उभा जलम परगावी सोनं गाळण्यात गेला, आता घरी आलाय, तर बंगला झोकात पायजे. मी सगळ्यांच्यात म्हणलो, दारावरची जाळी माहेराकडनं. चार फुटी. सागवान. अशी जाळी की विट्यानं बघावी. ईदला पोरगी आलीती तवाच कापली. चार फूट म्हंजे तीनशे चौऱ्याऐंशी सूत. एका सुतामागं केस गेला, तर तीनशे चौऱ्याऐंशी केस एका जागी ठेवून बघ किती हुत्यात. अडीच इंचाच्या वर. मापून बघितली का म्हणतोस? न्हाई बघितली. हातानं केलेली फळी मी धा बार मापतो. पर ही मशीनची, हिला काय मापायचं — साऱ्या गावाला मीच सांगत सुटलोतो, ही चुकत न्हाई. वाकळंत गुंडाळून नेली, पोरगं झोपवल्यागत. वर चढवली तर एका अंगाला एवढी फट, मांजर निवांत जाईल. खाली पंधरा-वीस माणूस. गवंडी, शेजारी, व्याही, जावई. कोणतरी हसलं. आन अजमलभाईनं इचारलं — चांगल्या आवाजात इचारलं, खोटं कशाला बोलू — मिस्त्री, ह्ये कसं झालं?

मी म्हणलो, पोरीनं आकडा चुकवला.

व्हय. म्हणलो. शिडीवर हुतो, हातात हातोडी हुती, आन तोंडातनं त्येच आलं. ती खाली उभी हुती. तिला ठावं हुतं. आठ त्रिक चोवीस तिनंच मला सांगितलंतं. एक शबुद बोलली आसती तर माजी चाळीस वर्सं तिथंच शिडीवरनं खाली आली आसती. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आन चहा आणाय आत गेली. मला कप देताना म्हणली, अब्बा, साखर कमी टाकलीय. बस्स, एवढंच.

तर मशीन न्हाई चुकलं, आन पोरगीबी न्हाई. ऐकलंस? आता मला जाताजाता म्हणू नगंस की मिस्त्री, हुतं आसं कवातरी. हुत न्हाई. तुला पुढचं ठावं न्हाई. तिला कामाचं बोलावणं आलंय, विट्यातल्याच एका कारखान्यातनं. कम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं काम. ह्याच मशीनवर शिकली ती, हितं, ह्या स्टुलावर बसून, तू बसलायस त्याच. सोमवारी हजर व्हायचं. काल रातच्याला झुबेदाशी बोलली फोनवर — माज्याशी न्हाई, झुबेदाशी — की सासरं म्हणत्यात, बापाच्या जाळीचं माप जमंना, तिथं कारखान्याचं वाटोळं करशील, घरात बस. आन ती बरं म्हणली. म्हंजे माजं झाकायला ती घरात बसणार. जलमभर. मग सकाळी उठून मी काय केलं? तुला फोन लावला. म्हणलो, ह्ये डोळ्यांम्होरनं घेऊन जा. शाणा माणूस. लोखंड गेलं की झालं म्हणं.

न्हाई जायाचं ह्ये. हात लावू नगंस त्या अँगलला, उठ तिथनं. तू दुप्पट दे, न्हाई. हितंच ऱ्हाणार ह्ये, आन ह्येच्यावरच नवी जाळी निघणार, आन माप ती सांगंल तसं. पर जाळीला वेळ लागतोय, सोमवार परवावर आलाय. थांब जरा. माजा चष्मा — ऱ्हाऊ दे, दिसतंय.

हॅलो. सुमैरा? व्हय, अब्बा. अम्मी बरी हाय. तुजं सासरं हायत का घरात? त्येंच्याकडं दे फोन. न्हाई बाळा, तुला काय न्हाई सांगायचं, त्येंच्याशीच काम हाय. काय न्हाई हुत मला. तू दे.

ज्योतिबा, तू निघ आता. टेम्पो मोकळा गेला त्येचं वाईट वाटून घेऊ नगंस.

हां, अजमलभाई. सलाम. मी हुसेन. फोन मोठ्या आवाजावर टाका जरा. व्हय, समद्यांस्नी ऐकू गेलं पायजे. गवंडी हायत का अजून वर? त्येंनाबी बोलवा खाली. मी थांबतो.