खाणीच्या वाटेवरचा पहारा

ऐका. आणि मधेच कुणी उठायचं नाही. मग म्हणाल, काकी, भीती वाटते, घरी सोडायला चल! रणजित, पलटणीतून सुट्टीवर आलायस ना, बस की खाली. भिंतीला पाठ लावून किती वेळ उभा राहशील? नको? बरं, राहा.

गोष्ट आमच्या ह्यांची. हे इथंच बसलेत. मी खोटं बोलले तर टोकतील.

"टोकलं तर तू थांबतेस का?"

ऐकलंत? तर हे पलटणीतून पेन्शनवर आले, त्या वर्षीची गोष्ट. घरी येऊन काही महिने झाले होते. एकदा तालुक्याला गेले आणि शेवटच्या एसटीनं रात्री फाट्यावर उतरले. काळोख असा, की स्वतःचा हात दिसेना. जवळची म्हणून खाणीची वाट धरली.

थोडं चालले, तर मागून बूट वाजले. खाड्, खाड्. हे थांबले की तेही थांबायचे. वळून बघितलं. कुणी नाही!

मग अगदी कानाशी आवाज. "हिंदुराव, काडी दे रे."

आवाज सर्जेरावचा! ह्यांचा पलटणीतला जोडीदार. बर्फातल्या चौकीवर ह्यांचा पहारा होता. सर्जेराव वेळेआधीच बदलीला आला. म्हणाला, जा, चहा पी, मी उभा राहतो. हे आत गेले आणि वरून बर्फाचा कडा कोसळला. सर्जेराव गेला. हे कुणाला बोलले नव्हते. मलासुद्धा नाही.

पाय गार पडले. खाली बघतात तर वाट पांढरी! भर चैत्रात बर्फ! आणि समोर सर्जेराव उभा. मिशीवर बर्फ. म्हणतो, "अजून माझ्या जागी कुणी आलं नाही. ये. बदली कर."

तुम्ही पळाला असता. पण बदलीला बोलावलं की शिपाई नाही म्हणत नाही. हे निघाले त्याच्याकडे. आणि तो उभा होता कुठं? खाणीच्या पोकळीवर. पायाखाली जमीनच नाही!

उशीर झाला म्हणून मी कंदील घेऊन शोधत आले होते. लांबून बघते, तर ह्यांचा एक पाय खाणीच्या कडेवर. हाक मारली, ऐकू जाईना. मागून धरावं, तर दचकून पुढं उडी घेतील. घरात रोज बघत होते ना मी! रात्रभर हे अंगणात उभे. झोपायला चला म्हटलं तर हलायचे नाहीत. 'बदली आली' म्हटलं की गुमान आत यायचे. गाव हसायचं.

मी जीव खाऊन ओरडले, "बदली आली! मागे फिर!"

हे वळले. पाय उचलला तेवढ्यात तिथला दगड निसटला. खालच्या पाण्यात तो पडल्याचा आवाज किती वेळानं आला म्हणून सांगू!

माझा पदर धरून हे रडले. सर्जेरावचं नाव त्या रात्री पहिल्यांदा घेतलं. मग लष्कराच्या दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरांकडे. भूत उतरवायला नाही हो. बोलायला.

भूत गेलं का? विचारा ह्यांनाच.

"येतो अजून. पण आता मी हिला उठवतो. शिव्या घालत चहा करते, आणि बसते माझ्याजवळ."

तेव्हा रात्री खाणीच्या वाटेनं जायचं नाही. आणि ती हाक ऐकू आली, तर एकट्यानं मुळीच नाही.

रणजित, तुझी आई सांगत होती, तूही रात्री अंगणात उभा असतोस. मी काही विचारत नाही. हे उठलेत बघ, तुझ्या जागी उभे राहायला.

बस आता, बाळा. बदली आली.