पोट पोरीचं, मोजतात डोकं!

...नाही, तुम्हीच सांगा ना, पोट दुखतंय पोरीचं, आणि मोजतायत डोकं! पट्ट्यानं! माझ्या पँटच्या! मी एका हातानं पँट धरून उभा, आणि आमची कानिशाय आत्या माझ्या आठ वर्षांच्या पुतणीच्या, आयझादाच्या, कपाळाभोवती पट्टा आवळून म्हणते, "बघ एर्मेक, मेंदू डावीकडे सरकलाय. घोड्यावरून पडली असणार." अगं आत्या, पोट दुखतंय तिचं! पांढरीफटक पडलीय, बेंबी धरून मुटकुळं झालीय, ओकतेय, उजेड नको म्हणतेय... "मग? पोट डोक्याखालीच असतं ना?"

बरं, हे दर महिन्याला! आणि दुसऱ्या दिवशी पोरगी ठणठणीत, घोड्यावर! म्हणून वहिनी म्हणायची "नाटकं", शाळेतल्या बाई म्हणायच्या "नाटकं". पोरगी रडत मला म्हणाली, "काका, तू तरी खरं मान." झालं! मी पेटलो. म्हटलं, चल शहरात डॉक्टरीणबाईंकडे. मी शिकलेला माणूस आहे, तुम्हाला सांगतो... ट्रॅक्टरचा कोर्स झालाय माझा.

बाईंनी पोट दाबलं, रक्त बघितलं, सोनोग्राफी केली, सगळं ठीक. मग चष्मा वर सारून विचारतात काय? "घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

मी उडालोच! इथंही तेच? पोट दुखतंय पोरीचं, आणि विचारतायत डोकं! म्हटलं, "बाई, तुम्ही कानिशाय आत्याच्या कोण?" त्या शांतपणे म्हणाल्या, "पोटाचा मायग्रेन आहे हा. लहान मुलांना होतो, पुढे कधीकधी डोकं दुखायला लागतं. नाटक नाही. बऱ्याचदा घराण्यातच असतो."

आमच्या घराण्यात? छ्या! तेवढ्यात आयझादा, "काकाचं दुखतं की! गोधड्यांच्या ढिगात डोकं खुपसून कोंबड्यांना गप्प बसा म्हणतो."

"ते... ते मी विचार करत असतो, बाई."

"दिवसभर?"

"खोल असतो विचार."

बाई म्हणाल्या, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, दुखलं की अंधारी खोली. पोरगी खरी ठरली! घरी आल्यावर वहिनीनं तिला पोटाशी धरलं, रडली, मीही डोळे पुसले... आणि मग वहिनी माझ्याकडे वळली. "म्हणजे दोघांचा आजार एकच तर!"

तेव्हापासून काय सांगू... परवा कपाळ नुसतं फुटत होतं माझं, आणि वहिनी, आत्या, आयझादा, तिघी माझ्या बेंबीवर मेंढीच्या शेपटीची गरम चरबी चोळतायत! "अगं, डोकं! डोकं दुखतंय माझं!"

"माहितीये रे," आत्या म्हणते, "लहानपणी पोटात दुखवून घेतलं असतंस, तर इतकं वर चढलं नसतं."

...म्हटलं, चोळा.