हशा ओसरेपर्यंत

इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावात सिनेमाच्या रांगेत फिलिसच्या पुढे दोन पोक्त बायका उभ्या होत्या. फिलिसचे कान त्यांच्याकडेच लागले होते.

“अगं मेव्हिस, कालच पाहिलास ना हा सिनेमा?”

“परवाही पाहिला. याचं मूळ नाटक गावात झालं, तेव्हा त्यातल्या मोलकरणीचं काम मीच करायचे. सिनेमात लंडनची बाई घेतली.”

“मग स्वतःच्या जखमेवर मीठ कशाला चोळतेस?”

“माझ्या नाही, तिच्या. किटली पडते ना, तिथं लोक पोट धरून हसायचे. हशा ओसरेपर्यंत मी थांबायचे आणि मगच माझं वाक्य टाकायचे. सगळं नाटक त्या वाक्यावर उभं होतं.”

“आणि ही?”

“पडद्यावरची बाई थांबते कुठं? किटली पडली की मी अशी खदखदून हसते, की अख्खं थिएटर हसत सुटतं. तिचं ते वाक्य या गावात अजून कुणाला ऐकू गेलेलं नाही.”

“हाकलतील तुला.”

“विनोदी सिनेमाला हसले म्हणून? हाकलू देत. उद्या पुन्हा येईन.”

“पण ते वाक्य आहे तरी काय?”

फिलिस नकळत पुढे वाकली.

“आत चल. आधी हसून घे. हशा ओसरला की मी म्हणेन.”