रस्त्याला लागून शेत

संदर्भ : मौजे वडपे येथील भातशेतात तुंबलेल्या पाण्यास वाट मिळणेबाबत, अर्जदार केसरीनाथ, निवृत्त कारकून, यांचा अर्ज.

...हे असं वर लिहावं लागतं, नाहीतर खालचं कोणी वाचत नाही. लिहिलं तरी वाचत नाहीत म्हणा, पण सवय जात नाही.

तुम्हाला सांगतो, मागणी काय, तर एक मोरी. सिमेंटचा एक नळ, बास. शेताच्या खालच्या अंगाला गोदाम झालं, त्यांनी भराव टाकला, आमची जुनी मोरी त्याच्याखाली गेली आणि पाणी बिचारं कुठं जाणार, बसलं शेतातच. गेल्या वर्षी निम्मं भात कुजलं. कणगीतला तांदूळ गणपतीपर्यंतच पुरणार होता, म्हणजे यंदाचं पीक गेलं की दुकान. आमची काशीवहिनी, थोरल्या भावाच्या मागे शेत तीच बघते, ती म्हणायची, "भावजी, जल्मात इकतचा तांदूल न्हाय शिजवला मी." आणि माझ्याकडं असं बघायची, जसा काही भराव मीच टाकलाय...

बरं, सरकारचं लक्ष नाही म्हणावं तर तीही सोय नाही! शेतीत नवीन काही निघालं की ते पहिल्यांदा आमच्याकडंच येतं. का? रस्त्याला लागून शेत आहे ना आमचं. साहेबांना बूट काढावे लागत नाहीत.

वडिलांच्या वेळी जपानी पद्धत आली. जीप थांबली, साहेब म्हणाले, दोरी ताणा, ओळीत लावणी करा. वडील म्हणाले, भात काय कवायत करणार आहे? पण खोटं कशाला बोलू, भात वाढलं. दोरीवर पुढं आईनं कपडे वाळत घातले. मग बुटकं बियाणं आलं, दाणा भरपूर, पण पेंढा इतका आखूड की बैल आमच्याकडं बघत राहायचे. मग युरियाच्या गोळ्या. चार रोपांच्या मधोमध एकेक गोळी हातानं खोचायची. वहिनी म्हणाली, "आता चमच्यानी पानी बी पाजू का यांना?" मग लावणीचं यंत्र आलं, ते फोटोपुरतं चाललं आणि चिखलात रुतलं, त्याला ओढायला बैल आणले. दर वेळी शेतात योजनेच्या नावाची एक पाटी. एका पाटीचं गोठ्याला दार झालं, एकीवर पापड वाळतात. पलीकडच्या लहानूला आयुष्यात एक पाटी मिळाली नाही, वाईट वाटतं त्याला. म्हटलं, बाबा रे, सुखी आहेस. रस्त्याला लागून नाही ना तुझं शेत.

यंदा ओलावा मोजायचं यंत्र. धनेश नावाचे तरुण साहेब आले, सभ्य माणूस, बांधावर उभं राहून मजुराकडून गुडघाभर पाण्यात यंत्राचा खांब रोवून घेतला. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर संदेश : 'आपल्या शेतात ओलावा अधिक आहे. पाण्याचा निचरा करावा.' वहिनीला वाचून दाखवला. "मला बी दिसतंय की. त्याला म्हनावं, तूच काड."

पण मला आनंद झाला हो! सरकारी यंत्र माझ्या बाजूनं बोललं! संदेश छापून घेतला, अर्जाला जोडला, कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर दिला, मोऱ्यांचं काम तिथं. तिथले म्हणाले, "यावर सही कुठाय?" म्हटलं, खाली लिहिलंय बघा, संदेश संगणकीय असल्याने सहीची आवश्यकता नाही. "त्यांना नसेल. आम्हाला आहे." मग खालच्या मजल्यावर, शेतीखात्यात, धनेशसाहेबांकडं. ते म्हणाले, आधी पाहणी करतो.

पाहणीला ड्रोन आणला. उडवला अर्थात रस्त्यावरून, रस्त्याला लागून शेत ना! साहेब पडद्यावर बघता बघता एकदम पुढं वाकले. मला वाटलं, दिसलं एकदाचं पाणी... तर म्हणतात, "काका, त्या कोपऱ्यात काय आहे?"

खोईन होती. पाणी उतरत नाही म्हटल्यावर वहिनीनं बांबूची खोईन लावली होती, त्यात ओढ्यातून चढलेले मासे अडकतात. भाताचं काही खरं नाही, निदान कालवण तरी. साहेब बुटांसकट पाण्यात उतरले. इतक्या वर्षांत पहिले साहेब!

"मावशी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोन शिकवील? पानी हाय, मासे हायेत."

वहिनीनं त्यांना फडक्यात बांधून मासेही दिले. तिथं चुकलं बहुतेक.

पुढच्या आठवड्यात पाटी लागली : 'एकात्मिक भात-मत्स्यशेती प्रात्यक्षिक. शेतकरी : श्रीमती काशीबाई.' नाव कुठं आहे ते तिनं माझ्याकडून बोट लावून दाखवून घेतलं, वाचता येत नाही तिला. मग म्हणाली, "आनि भात कुठं हाय यात?"

मी सहीसाठी गेलो. साहेब मनापासून हळहळले. "काका, प्रात्यक्षिक चालू असताना पाणी कमी करता येत नाही. मासे मरतील." वरच्या मजल्यानं तेवढंच माझ्या अर्जावर लिहून घेतलं : खालच्या मजल्याची हरकत.

भात गेलं. गणपती गेले. काल मी निजामपुऱ्यातल्या दुकानातून तांदूळ आणला. वहिनीनं तो निवडला, धुतला, शिजवला, वर माशांचं कालवण. जेवताना म्हणाली, "मासे बरे हायेत."

तेवढ्यात मोबाइल वाजला. पाण्याचा निचरा करावा.

अर्ज प्रलंबित आहे.