खांदा मोडला, पण दुखला नाही

नाही, तुम्हीच सांगा, हाड मोडलं हे खरं, दवाखान्यात प्लेट घालून जोडलं हेही खरं, आणि दुखलं मात्र नाही? तुम्हाला सांगतो, अमेरिकेतल्या आमच्या बफेलो शहराच्या कोर्टात ज्यूरीतल्या शहाण्या माणसांनी हे एकमतानं ठरवलं... चूक दुकानाची, दवाखान्याचं बिल दुकानानं भरावं, आणि वेदनेबद्दल शून्य. दुखलं नाही म्हणे!

झालं काय, हार्डवेअरच्या दुकानात एक ब्रश घ्यायला गेलो, तर रंगाच्या डब्यांचं आख्खं कपाट अंगावर आलं. उजवा खांदा गेला. मी अकॉर्डियन, म्हणजे खांद्यांना अडकवून भात्यानं वाजवायची पेटी, वाजवणारा माणूस, आमच्या पोलिश मंडळींची लग्नं माझ्याशिवाय लागत नसत, आणि सख्ख्या मुलीच्या लग्नात मी काय केलं? टाळ्या वाजवल्या... त्याही एका हातानं, मांडीवर.

मग निकाल असा का? तर बर्निसनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आधीच बजावलेलं, "स्टॅन्ली, कोर्टात तोंड पाडून बसू नकोस, चेहरा हसरा ठेव." ठेवला. ज्यूरीतल्या एका गृहस्थानं नंतर जिन्यात गाठलं, "काका, तुम्ही किती मजेत दिसत होतात हो. आम्हाला वाटलं, यांना काही त्रासच नाही." म्हणजे रडलो असतो तर नाटकी, आणि हसलो तर दुखलं नाही म्हणे!

आमच्या वकीलबाई ग्रेचन, त्यांनी अर्ज केला, भरपाई अपुरी आहे म्हणून. जज्जसाहेब चष्मा काढून दुकानाच्या वकिलाला म्हणाले, "अहो, खांद्यात स्क्रू आहेत आणि दुखणं शून्य? हे कुठल्या तर्कात बसतं? मी सांगतो ती रक्कम कबूल करा, नाहीतर दुखण्यापुरता खटला पुन्हा, नव्या ज्यूरीपुढे." मला भरूनच आलं, हो... माझं दुखतं हे पटलेला पहिला माणूस. दुकानवाले म्हणाले, "नवी ज्यूरी चालेल."

आता ती निवडताना त्यांचा वकील मधाळ आवाजात विचारतो, "कुणाचं हाड कधी मोडलंय का?" एका आजीबाईंनी हात वर केला, "माझा खुबा मोडला होता, बाळा. जीव नकोसा होतो." वकिलांना नको ती माणसं गाळता येतात ना, आजीबाई घरी. एक पोस्टमन म्हणाला, "माझं मनगट." तोही घरी. उरले कोण, तर ज्यांना जन्मात ठेच लागलेली नाही असे धडधाकट... ते माझं दुखणं मोजणार!

मोजलं. या खेपेला दुखलं म्हणाले, पण प्लेट बसवेपर्यंतच. त्यापुढे? दुखलं नाही म्हणे!

ग्रेचनबाई कोट चढवत म्हणाल्या, "हेही अपुरंच आहे, वरच्या कोर्टात जाऊ या." म्हटलं, नको बाई... आणखी एकदा न्याय मिळाला, तर दुसराही खांदा कामातून जायचा.