सवाष्णीच्या पानातली जवाची भाकरी

प्रिय वसू आणि माधव,

तुम्ही नैरोबीला गेल्यापासून मी तुम्हाला इकडच्या सणावारांच्या हकीकती लिहीत आले आहे. हे लिखाण त्यांतले नाही. तुमच्या बाबांच्या लघवीत साखर निघाली, डॉक्टरांनी पथ्य सांगितले, पण चार लोकांत जेवायला बसल्यावर त्यांना नाही म्हणवत नाही, घरच्या बाईला वाईट वाटेल म्हणून ते श्रीखंड खाऊन येतात, असे तुमच्या आईने कळवले. मी ते इथे धारला सर्वांना सांगितले तेव्हा वन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, तुमच्या बाबांच्या गोदाआत्या, पडल्या होत्या त्या उठून बसल्या. त्यांना हाच रोग ऐन तिशीपासून आहे. म्हणाल्या, सुमती, घे लेखणी, मी बोलते तसेच लिही, तुझ्या इंग्रजी शाळेतले नीटनेटके काही करू नकोस. येथून पुढचे शब्द त्यांचे. मी फक्त परिच्छेद पाडले आहेत.

तर पोरांनो, माझा जन्म इथलाच, धारचा, वडील दरबारच्या जकात नाक्यावर कारकून, घरात माणसं पुष्कळ आणि गोड फक्त सणाला, आणि मला गोडाची मुळीच हाव नव्हती, मी शेवेवर लिंबू पिळून खाणारी मुलगी. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळ्यांनी तेच म्हटलं, की बाईची जीभ नडली. माझी जीभ नाही नडली. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि बैलगाडीत बसून देवासला गेले. देवास म्हणजे काय सांगू तुम्हाला, एकाच गावात दोन राज्यं, रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती, दोन राजे, दोन कचेऱ्या. आमचं घर धाकट्या पातीत. आमचे हे तिथे राजाच्या खासगीत कारकून होते, आणि मामंजीही, म्हणजे सासरे, आधी तिथेच होते.

या मामंजींना मधुमेह होता. मी गेले तेव्हापासून होता. आणि त्यांच्या पथ्यावर सारं घर चालायचं. पहाटे उठून मी जव दळायचे, जवाची भाकरी थापणं सोपं नाही, पीठ धरत नाही, कडा फुटतात, गरम पाण्यानं मळलं तरी तव्यावर टाकताना मोडते, आणि मोडली की सासूबाई म्हणायच्या, आजारी माणसाला असले तुकडे वाढणार काय गं. मग कारल्याचा रस, मग उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या जांभळाच्या बियांची पूड, मग मेथी, आणि वर अफूची बाजरीच्या दाण्याएवढी गोळी, माळव्यात अफूला काय तोटा. त्यांच्यासमोर कुणी गूळसुद्धा फोडायचा नाही. सणाला त्यांचं पान वेगळं, आणि सासूबाई अभिमानानं सांगायच्या, आमच्याकडे पथ्य म्हणजे पथ्य. मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. आजारी माणसाचं करायलाच हवं. वाईट पुढे वाटलं.

मी तिशीची असेन. दोन मुलगे झाले होते. तहान लागायला लागली. साधी तहान नाही, तोंडात कापूस कोंबल्यासारखी. आणि मी सोवळ्यात स्वयंपाक करणारी, सोवळं नेसलं की नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. घागर समोर आणि घसा सुकलेला. बरं, रात्री पाणी प्यायलेलं, म्हणून सकाळी सारखं परसात जावं लागायचं, आणि परसातून आलं की पाय धुवा, चुळा भरा, सोवळं बदला, पुन्हा चुलीपाशी बसा, की पुन्हा जावंसं वाटायचं. सासूबाई ओटीवरून ऐकू जाईल असं बोलायच्या, हिचं काय, अर्धा दिवस परसात आणि अर्धा सोवळं पिळण्यात, काम टाळायची ही नवी तऱ्हा. एक दिवस परसात माझ्या जागी मुंग्यांची रांग दिसली. मामंजींच्या मोरीत रोज दिसायची तशीच रांग. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या, सुमती, हसल्या. म्हणाल्या, हा गादीवर बसून लिहिणाऱ्या पुरुषांचा रोग, तू कुठे गादीवर बसतेस. मामंजींना तपासायला थोरल्या पातीतले वैद्यबुवा यायचे, माळवी म्हातारा, खरा माणूस. मीच दाराआडून विचारलं. त्यांनी लघवी बघितली, चार गोष्टी विचारल्या आणि म्हणाले, बई, तमारे बी योज रोग हे, मीठो मत खाजो, म्हणजे तुलाही हाच रोग आहे, गोड खाऊ नकोस. ससुरजींना जे देता तेच खा. सासूबाईंनी त्यांना दक्षिणा दिली आणि ते गेल्यावर म्हणाल्या, म्हाताऱ्याला आता दिसत नाही.

आता यात गोष्ट अशी होती की मी गावातली मागणीची सवाष्ण होते. नवरा आहे, सासू-सासरे आहेत, दोन मुलगे आहेत, वर्ण गोरा, म्हणून श्रावणातल्या शुक्रवारी, नवरात्रात, कुणाच्या घरी काही शुभ निघालं की बोलावणं मलाच. सवाष्ण जेवायला बोलावली म्हणजे तुम्हाला ठाऊक नसेल पोरांनो, त्या दिवशी ती देवी. पाट, रांगोळी, पाय धुवायचे, ओटी भरायची, आणि पानात पुरणपोळी, वर तूप, वर दूध-साखर. आणि देवीनं पानात टाकायचं नाही. टाकलं तर त्या घरावर देवी रुसली. मी सासूबाईंना म्हटलं, मला हे बाधतं, जेवून आले की दोन दिवस डोळ्यांपुढे अंधारी येते. तर त्या काय म्हणाल्या, अगं सवाष्णीच्या पोटात ते देवी खाते, तुला कसं बाधेल. असं एकटी सासू नाही म्हणायची, अख्खा मोहल्ला म्हणायचा, शिकलेली माणसं म्हणायची. मामंजींच्या पानात सणाला पुरणाचा कण पडू द्यायचा नाही, का, तर त्यांच्या पोटात देवी जात नाही. माझ्या पोटात मात्र यायची, श्रावणात तर दर शुक्रवारी यायची. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मग नवरात्रात टेकडीवर देवीला अनवाणी जायचा नवस. माझा नाही, सासूबाईंचा, पाय माझे. उतरताना बाभळीचा काटा भरला असणार. मला कळलंच नाही. या रोगात पाय बधिर होतात, मामंजींचे झाले होते, म्हणून रोज रात्री त्यांच्या तळपायांवर दिवा धरून बघायचं काम माझ्याकडे होतं. माझे तळपाय कोण बघणार. वास यायला लागला तेव्हा समजलं. दरबारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं डाव्या पायाची दोन बोटं काढली आणि ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं की गोड थांबलं नाही तर पुढच्या खेपेला गुडघ्यापासून कापावं लागेल, आणि तेही वाचली तर. हे घरी आले, अंगरखा खुंटीला अडकवला आणि मला म्हणाले, आईला तू सांग. इतकंच म्हणाले. चांगले होते हो, कधी हात उचलला नाही, पण आईपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आणि माझा पाय जायची वेळ आली तरी फुटला नाही.

पुढच्या श्रावणात पहिल्या शुक्रवारचं बोलावणं आलं ते कारभारीणबाईंचं. खासगीचे कारभारी म्हणजे ह्यांचे वरिष्ठ. सासूबाईंनी मला न विचारता कुंकू घेतलं, म्हणजे बोलावणं पत्करलं. मी म्हटलं, मी जाणार नाही. त्या म्हणाल्या, त्यांनी तुला नाही बोलावलं, सवाष्णीला बोलावलंय. ह्यांच्याकडे बघितलं तर ते पान चावत बाहेर गेले. रात्रभर विचार केला. जावं तर पाय जाणार, न जावं तर ह्यांची नोकरी आणि घराची अब्रू. पहाटे जव दळायला बसले तेव्हा ठरलं. मामंजींच्या दोन भाकऱ्यांतली एक काढली, धुतल्या फडक्यात बांधली आणि पदराखाली घेऊन लंगडत गेले.

पाय धुतले, पाटावर बसले. आम्ही पाच जणी. वाढून झालं, कारभारीणबाई हात जोडून म्हणाल्या, सावकाश होऊ द्या. मी पुरणपोळी दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांना लावली, पानाच्या कडेला ठेवली आणि फडकं सोडलं. कारभारीणबाई म्हणाल्या, गोदाताई, हे काय, आमच्या घरी दळण संपलं असं ऐकलंत काय कुठे. मी म्हटलं, पुरण देवीचं, ते तिला पोचलं, भाकरी माझ्या पायासाठी आहे. शेजारची एक फिसकन हसली, म्हणाली, मग पाय घरी ठेवून यायचा होता. सगळ्या हसल्या, कारभारीणबाई सोडून. त्या म्हणाल्या, एक घास घ्या, माझ्या नातवाच्या नावानं घ्या. आता सांगा, लहान मुलाच्या नावानं मागितल्यावर कोण नाही म्हणेल. माझा हात पोळीकडे गेलासुद्धा. मग पाटावर दुमडलेला पाय बघितला, अजून पट्टी बांधलेला. मी म्हटलं, नातू शंभर वर्षांचा होवो, मी त्याला आशीर्वाद देते, घास देत नाही. आणि वरण, कोशिंबीर आणि जवाची भाकरी शेवटपर्यंत जेवले. उपाशी उठले नाही. हे लिही सुमती, उपाशी उठले नाही. गावात मात्र पसरलं ते हे, की सवाष्ण भरल्या पानावरून उपाशी उठली.

घरी आले तर सासूबाई देवापुढे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. साऱ्या घरात बोलले ते एकटे मामंजी, आणि काय बोलले, तर म्हणाले, आज मला एकच भाकरी का वाढली.

दुसऱ्या दिवसापासून मी चार भाकऱ्यांचे जव दळायला लागले, दोन त्यांच्या, दोन माझ्या, सगळ्यांच्या देखत. ह्यांची नोकरी राहिली, कुणी काढलं नाही. मला मात्र सवाष्ण म्हणून कुणी बोलावलं नाही ते नाहीच, साध्या हळदीकुंकवालासुद्धा नाही. चैत्रात बायका आमच्या दारावरून जायच्या आणि मी खिडकीत बसून बघायचे. वाईट वाटायचं. खोटं कशाला सांगू. पण पायाची जखम भरून आली.

मग काही वर्षांनी प्लेग आला आणि त्यात हे गेले. गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहायला गेलो होतो, तिथेच गेले. माझ्या अंगावरचं सौभाग्य उतरवत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सवाष्णीचं पान लाथाडलंस, आता सवाष्णपण गेलं. त्याच दिवसांत कारभारीही गेले. अर्धा मोहल्ला गेला. त्या सगळ्यांच्या बायकांनी काय पदराखाली भाकरी नेली होती. कारभारीणबाईंनी तर जन्मभर सवाष्णी जेवू घातल्या, त्यांनी काय लाथाडलं होतं. हे मी तेव्हाच, तिथेच, मोठ्यानं विचारलं. नवरा जाऊन दिवस उलटला नव्हता आणि बाई भांडते, असं जमलेल्या बायका म्हणाल्या. म्हणू देत. मी ते आजही विचारते.

मुलं मोठी झाली, थोरला कन्नोदला मास्तर आहे, धाकटा बागलीला आहे. मी इथे भावाकडे आले. तुमची आजी मला काय खाते, काय टाकते, ते विचारत नाही, म्हणून इथे बरं वाटतं. आता म्हणे सुईनं टोचायचं औषध निघालंय. तुमच्या बापाला ते मिळो. पण त्याला माझं सांगा, की तू पुरुष आहेस, तुझं पान वेगळं मांडलं तर लोक तुला जपतात, तुला कुणी देवी करून पाटावर बसवत नाही. मी सासू, नवरा, नवऱ्याचा वरिष्ठ आणि अख्खं गाव यांच्यासमोर नाही म्हटलं, बाई असून म्हटलं, आणि तुला परक्या मुलुखात एका वाटीभर श्रीखंडाला नाही म्हणवत नाही. मला राग येतो रे. तुझ्यावर येतो. सुखात राहा सगळे. पोरांनो, त्याचे तळपाय रोज रात्री दिव्यापाशी बघत जा. तो नको म्हणेल. तरी बघा.

वन्संचे बोलणे इथे संपले. मी सर्व वाचून दाखवले. त्यांच्या सासूबाईंबद्दलचे थोडे सौम्य करू का, असे विचारले, तर त्या नको म्हणाल्या. म्हणून आहे तसे पाठवत आहे. बाबांना तुम्ही दोघांनी मिळून वाचून दाखवा, एका बैठकीत, आणि जेवणाआधी.

त्या देवासच्या घरातले त्या वेळचे मोठे आता कोणी उरले नाही. कारभारीणबाई गेल्या, त्या दिवशी पंक्तीला बसलेल्या बाकीच्याही गेल्या. वन्संचा उजवा डोळा गेल्या हिवाळ्यात गेला. डावा चांगला आहे, आणि त्या स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत जाऊन येतात.